काचेतला उजवा हात

दुकानाच्या काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते, दोन्ही अजून बंद. डावीकडच्याचा पडदा मऊ काळा होता, पुसलेल्या पाटीसारखा. त्यात काहीच दिसत नव्हतं. उजवीकडचा चकचकीत. त्यात दुकानाचं वर ओढलेलं शटर, शटरपलीकडचं मस्तगडच्या रस्त्यावरचं दुपारचं ऊन आणि शालूच्या मागचं लाकडी बाकडं, सगळं कडांसकट उमटलं होतं. दुकानदार नोमान खाली वाकून चार्जर शोधत होता. शालू त्या काचेकडे नुसती बघत होती, आणि तेवढ्यात काचेत, तिच्या खांद्यामागे, एक हात वर झाला. सावकाश, कोपरातून, पंजा उघडा ठेवून. ती इतक्या झटक्यानं मागं वळली की पर्सचा पट्टा अडकून काउंटरवरचा माऊसचा खोका खाली पडला. बाकड्यावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. समोरच्या हॉटेलवाल्याला चार चहा सांगायला त्यानं हात वर केला होता आणि तो अजून तसाच वर होता.

"काय झालं, अक्का?"

काही न्हाई, असं म्हणून ती खोका उचलायला वाकली. खोका उचलायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ ती खालीच राहिली.

भावाचं नाव राधेश्याम, पण ते फक्त अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या हजेरीपटावर. घरात तो चव्वेचाळिसाव्या वर्षीही पप्पूच होता. आज रजा काढून तो मुलीला घेऊन आला होता. भावनाला संभाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली होती, वसतिगृह मिळालं होतं, आणि लॅपटॉप आजच घ्यायला हवा होता, कारण उद्यापासून पित्र बसत होते आणि पित्रात त्यांच्याकडे कोणी नवी वस्तू घरात आणत नाही. कोणता घ्यायचा ते आत्या ठरवणार, हे पप्पूनं घरून निघतानाच जाहीर करून टाकलं होतं. आत्या म्हणजे शालू: जालन्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवणारी, लग्न न केलेली, त्यांच्या गावच्या, हसनाबादच्या घरातली पहिली बी.एस्सी. पप्पूच्या लेखी विज्ञान ही एकच मोठी वस्तू होती आणि ती अक्काच्या कपाटात होती. विहिरीवरची मोटर किती पॉवरची घ्यायची, थायरॉईडची गोळी चहाआधी की नंतर, भिंतीला ओल कुठून येते, सगळं अक्काला विचारायचं. आणि तिनं एकदा सांगितलं की मग तो दुसऱ्या कुणाला विचारत नसे. पूर्वी तिला याचा थोडा अभिमान वाटायचा. गेली साडेचार वर्षं तो विचारायला लागला की ती हातातलं काहीतरी आवरायला लागायची.

नोमाननं दोन्ही लॅपटॉप चालू केले. हा मॅट, हा ग्लॉसी, तो म्हणाला. आतून दोन्ही बराबर एकच, फरक फक्त वरच्या पडद्याचा. भावनाला ग्लॉसीतले रंग भारी वाटत होते, पण मैत्रिणीनं तिला घाबरवलं होतं की त्यानं डोळे जातात. नोमान हसला. "मी काय सांगू? हे मॅडमनीच आमाला शिकवलेलं. मागच्या बाकावर होतो, तरी एवढं ध्यानात आहे." पप्पू बाकड्यावरूनच म्हणाला, आत्याला विचार. आणि तिघंही शालूकडे बघायला लागले. तिला उत्तर येत होतं. हे तर तिचं रोजचं काम. दोन्ही पडद्यांवर पडणारा उजेड सारखाच. गुळगुळीत काच तो एका दिशेनं, जसाच्या तसा परत पाठवते, म्हणून त्यात खिडकी दिसते, दार दिसतं, माणूस दिसतो. खरबरीत पृष्ठभाग तोच उजेड सगळीकडे विखरून टाकतो. मुलांना वाटतं की मॅट पडदा उजेड शोषून घेतो. तसं काही नसतं. फार थोडा उजेड कमी होतो. जातो तो त्याचा आकार. दरवर्षी हे वाक्य ती फळ्याकडे पाठ करून म्हणायची, आणि दरवर्षी दोन-तीन मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. आता तेच सांगायला तिनं तोंड उघडलं आणि नोमानला म्हणाली, जरा पुसून दाखव ना दोन्ही. तो कापड घेऊन पुसायला लागला.

अण्णांना, तिच्या वडलांना, लकवा झाला तो कोरोनाच्या वर्षी, दसऱ्यानंतर. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आई आधीच गेलेली. पप्पूचा गळीत हंगाम तोंडावर आला होता, कारखान्यावरच्या दोन खोल्यांत पडून राहणाऱ्या माणसाची सोय होण्यासारखी नव्हती, आणि शालू म्हणाली की माझ्याकडे आणा, मी घरूनच शिकवते. पुढे कॉलेज अर्धंमुर्धं उघडलं तेव्हाही खेड्यातून येऊ न शकणाऱ्या मुलांची ऑनलाइन तुकडी तिनं मागून घेतली. मोठ्या खोलीत खिडकीखाली अण्णांची कॉट टाकली. तिचं टेबल समोरच्या भिंतीला, कारण प्लग तिथं होता. म्हणजे शिकवताना तिची पाठ अण्णांकडे यायची. हाक मारता येत नाही म्हणून तिनं त्यांच्या हाताशी पितळी घंटी ठेवली, पण ती पडायची आणि गडगडत कॉटखाली जायची, आणि मग ती काढून देईपर्यंत अण्णा ओशाळून छताकडे बघत राहायचे. शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं. काही हवं असलं की डावा हात वर करायचा आणि कुणी बघेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. कधी कधी तो दहा मिनिटं वर असायचा. ती वळायची तेव्हा दंड लटलटत असायचा, पण खाली आलेला नसायचा. मग तिच्या लक्षात आलं की तिच्या जुन्या लॅपटॉपच्या चकचकीत पडद्यात, जिथं अक्षरं नसतात तिथं, मागची कॉट दिसते. ती रात्रभर बसली आणि सगळ्या धड्यांच्या पाट्या, म्हणजे पडद्यावरच्या स्लाइड, पांढऱ्याच्या काळ्या केल्या: काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, ती पण वरच्या अर्ध्या भागात. कॅमेरा बंदच असायचा, मुलांना फक्त तिचा आवाज आणि ती काळी पाटी. तिला मात्र खालच्या अर्ध्या काळोखात खिडकीच्या उजेडातले अण्णा. आणि प्रतिमेत डावं-उजवं बदलतं, हे तिला काही नवीन नव्हतं. तरी पहिल्यांदा काचेत हात वर झालेला पाहिला तेव्हा ती वाक्याच्या मधेच थांबली. तिकडे तो उजवा हात होता. हसनाबादच्या फाट्यावर, थांबा नसताना, जो वर केला की एसटी थांबायची आणि ड्रायव्हर शिव्या घालत दार उघडायचा, आणि अण्णा तिला आत चढवून म्हणायचे, "माझी लेक सायन्सला आहे, उशीर करू नको रे बाबा," तोच तो हात. काचेत त्यांची मेलेली बाजू जिवंत होती. ती 'एक मिनिट हं, मुलांनो' म्हणायची, उठायची, पाणी द्यायची, कूस बदलायची, परत येऊन बसायची. सात आठवडे हे बिनबोभाट चाललं. त्या काळात तिला वाटायचं की आपण फार हुशारीनं निभावतो आहोत.

नोमान पुसत होता आणि भावना त्याला विचारत होती की असली मॅट फिल्म नंतर वरून लावता येते का. येते की, तो म्हणाला, मॅडमच्या लॅपटॉपला मीच तर लावून आल्तो घरी जाऊन. शालूला हे येणार हे कळत होतं आणि तरी ती तिथंच उभी राहिली. डिसेंबरात तिच्या वरिष्ठांनी फोन करून सांगितलं होतं की काळ्या पाट्या मोबाइलवर दिसत नाहीत, पोरं शेतात उन्हात बसून बघतात, पांढऱ्या करा. रास्त होतं. तिनं पांढऱ्या केल्या. अण्णा फिके झाले, पण खिडकी मात्र तशीच डोळ्यांत यायची, आणि दुपारपर्यंत तिचं कपाळ फुटायला लागायचं. मग तिनं नोमानला बोलावून फिल्म लावून घेतली. खिडकीच्या जागी कडा नसलेला एक पांढुरका डाग राहिला. त्यात कॉट नव्हती आणि अण्णा नव्हते. दर पाच मिनिटांनी वळून बघायचं, असं तिनं ठरवलं. पहिले दिवस तिनं ते घड्याळ लावून केलं. मग सात, मग दहा. एक गोष्ट तिला तेव्हाही माहीत होती, कोणत्याही फिजिक्स शिकवणाऱ्याला माहीत असते: टेबल नव्वद अंशात फिरवलं असतं तर काही लागलंच नसतं. खिडकी बाजूला गेली असती, चकाकी संपली असती, आणि मान जरा वळवली की अण्णा काचेशिवाय दिसले असते. प्लगचं कारण खोटं होतं; दोन मीटरची वायर कुठल्याही दुकानात मिळते. एकदा रविवारी तिनं टेबल फिरवून पाहिलंही होतं. अण्णा तिच्याकडे बघत होते. काही मागत नव्हते, हात खाली होता, नुसते बघत होते, आणि डोळे हलवत नव्हते. लेक सायन्सला आहे म्हणून एसटी थांबवणारा माणूस आता लेकीला आपलं अंथरूण बदलताना बघत होता, आणि दोघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं, फक्त त्यांना मान वळवता येत नव्हती. संध्याकाळी तिनं टेबल परत भिंतीला लावलं. काचेत बघणं सोपं होतं. आणि फिल्म लावल्यावर, पहिल्या दिवशी, डोकं दुखायचं थांबलं त्याच्या आधीच, तिला एक प्रकारचं हलकं वाटलं होतं. ते तिनं तेव्हा तपासून पाहिलं नाही. एरवी ती सगळं तपासून पाहायची.

जानेवारीतला मंगळवार होता. वर्ग अकरा ते अकरा चाळीस. विषय धारित्रांची, म्हणजे कपॅसिटरची, एकसर जोडणी, तीन उदाहरणं. अकरा पाचला तिनं वळून बघितलं. अण्णांचा डोळा लागला होता. मग कशफ नावाच्या मुलीनं विचारलं, मॅडम, परत एकदा सांगता का? ऑनलाइन वर्गात कुणी काही विचारत नसे, आवाज विहिरीत टाकल्यासारखा जायचा, त्यामुळे शालूला एवढं बरं वाटलं की तिनं ते उदाहरण पहिल्यापासून सोडवलं, आणि त्या मुलीनं पुन्हा एक शंका काढली तेव्हा तिसऱ्यांदा, वेगळ्या रीतीनं. चांगला वर्ग झाला. इतका चांगला वर्ग त्या वर्षात झाला नव्हता. अकरा चाळीसला तिनं हजेरी घेतली, लॅपटॉप मिटला, खुर्ची मागं सारली. तिची आठवण दरवेळी या खुर्चीच्या आवाजापर्यंत येते आणि तिथून एकदम पाण्यावर उडी घेते: तांब्या, चमचा, अण्णांचे ओठ. चमच्यानं घातलेलं पाणी तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि मानेवरून उशीत गेलं. तिनं पदरानं पुसलं आणि दुसरा चमचा घातला. तोही बाहेर आला. मग तिनं पप्पूला फोन लावला. तो कारखान्यावरून, यंत्रांच्या आवाजात, पहिलं हेच ओरडून विचारत होता: "पाणी? अक्का, पाणी पाजलंस का?" आणि ती म्हणाली, पाजलं. गेले तेव्हा जवळ होतीस? होते. पलीकडे यंत्रांचा आवाज चालू राहिला आणि त्यात तिचा भाऊ लहान मुलासारखा रडताना ऐकू आला, पण ते रडणं सुटल्याचं होतं.

त्यानं ते एक वाक्य धरून ठेवलं. आपण पोचू शकलो नाही याचा सल त्यानं त्या चमचाभर पाण्यात बुडवून टाकला, आणि शालूला कळत होतं की तो त्यावर उभा आहे. हसनाबादला पित्रात षष्ठीला अण्णांचं पान असतं. पहिलं पाणी सोडायचा मान मुलाचा. पण पहिल्याच वर्षी पप्पूनं तांब्या तिच्या हातात दिला, आणि भावकीतले रामराव जेवायच्या पंगतीत कुजकट हसून म्हणाले की लेकीच्या हातचं पाणी वर पोचतं का. पप्पू वाढता वाढता थांबला. "जित्तेपणी पोचलं काका, मंग आता न पोचायला काय झालं?" गेली तीन वर्षं तीच पाणी सोडत आली होती. दरवर्षी तांब्या कलता करताना तिला तोंडाचा तो कोपरा दिसायचा, आणि बाजूला पप्पू हात जोडून, डोळे मिटून, अगदी निवांत उभा असायचा.

फिल्मचं नाव निघाल्यावर नोमानला सगळंच आठवलं. "आजोबा होते तेव्हा खाटेवर. मला हात केल्ता त्यांनी. मला वाटलं सलाम करून राह्यलेत, मी पण सलाम केला. मंग मॅडम म्हणाल्या, अरे, पाणी मागतात ते." भावना हसली, पप्पूही हसला, आणि मग हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो उठून काउंटरपाशी आला. नोमानला म्हणाला, आमच्या अण्णाचं शेवटचं पाणी हिच्या हातचं. मी पोटचा पोरगा असून मला घडलं न्हाई. मग भावनाच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं जे म्हटलं ते बहुतेक तो घरूनच ठरवून आला होता. यंदा षष्ठीला आत्याबरोबर भावनानंही पाणी सोडायचं. आता ती घराबाहेर राहणार, तिला सगळं माहीत असायला हवं. "अक्का, तू तिला नीट सांग. अण्णा कसे गेले, तू जवळ कशी बसल्तीस, सगळं. मी सांगतो ते ऐकीव. तू पाहिलेलं सांग." भावना मोठ्या, गंभीर डोळ्यांनी आत्याकडे बघत होती. अठरा वर्षांची, उद्या परवा कुणाच्या तरी प्रयोगशाळेत उभी राहून 'निरीक्षण' असा रकाना आखणारी मुलगी. पप्पूला जे सांगितलं ते फोनवर, एका श्वासात, त्याला सावरायला म्हणून सांगितलं होतं; असं शालू स्वतःला समजावत आली होती. हे मात्र बसून, जुळवून, तपशील भरून सांगावं लागणार होतं. श्वास कसा मंद झाला, घोट कसा उतरला. आणि ती मुलगी ते पुढे नेणार होती.

नोमान भावनाला आतल्या बाजूला घेऊन गेला, उजेडात आणि अंधारात दोन्ही पडदे कसे दिसतात ते दाखवायला. शालू बाकड्यावर पप्पूशेजारी बसली. हॉटेलवाल्यानं चार चहा आणून बाकड्याच्या टोकाशी ठेवले होते.

"पप्पू, पाणी मी नंतर पाजलं."

"नंतर म्हंजी?"

"गेल्यावर."

त्याला कळलं नाही, किंवा कळूनही त्यानं ते चेहऱ्यापर्यंत येऊ दिलं नाही. ती सांगत गेली. आवाज वर्गातलाच लागला, एकामागून एक, क्रमानं: काळ्या पाट्या, काच, पांढऱ्या पाट्या, फिल्म, अकरा पाच, अकरा चाळीस. मधली पस्तीस मिनिटं तिला माहीत नाहीत. ती जवळ नव्हती, म्हणजे बारा फुटांवर होती, पाठ करून. तो ऐकताना समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षा बघत होता. ती थांबली तरी बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "हात कुठं होता त्यांचा?"

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

"कॉटच्या बाहेर लोंबत होता," ती म्हणाली. "थंडी होती. वर्ग सुरू करायच्या आधी मी तो रजईच्या आत घातला होता. वरून रजई दाबून बसवली होती."

रजईखालून हात काढायला त्या माणसाला किती वेळ लागत असेल याचा हिशेब आपण कधीच केला नव्हता असं ती म्हणू शकत नव्हती. ती प्रत्येक वेळी तिथून परत फिरली होती, एवढंच. आता पप्पू तो करत होता. त्याच्या कपाळावर, भुवयांच्या मधे, तो चालू असलेला दिसत होता.

"म्हंजी बोलवलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"कवा?"

"माहीत नाही. त्या पस्तीस मिनिटांत."

तिला अजून एक सांगायचं होतं, खरं तर तेच सांगायचं होतं. फिल्म डोळ्यांसाठीच लावली होती असं न्हाई, असं तिनं सुरू केलं, आणि पप्पू म्हणाला, "राहू दे." मग तिच्याकडे न बघता, कसलाही राग नसलेल्या आवाजात त्यानं विचारलं, "हे मला कशाला सांगितलंस, अक्का?" तिच्याकडे कारण होतं, भावनाचं कारण, आणि ते खरंही होतं. पण छातीतून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं, फिल्म लावल्याच्या दिवशी वाटलं होतं अगदी तसंच, आणि या वेळी तिनं ते ओळखलं. म्हणून ते कारण तिनं पुढे केलं नाही.

भावना आतून धावत आली. दोन्ही चांगलेच आहेत, तिचं काही ठरत नव्हतं, नोमानभाई बिल कोणत्याचं करू विचारत होते. "आत्या, सांग ना. मॅट का ग्लॉसी?"

"आत्याला नको विचारू," पप्पू म्हणाला. "तुझं तू बघून घे."

झोपलेल्या माणसाला उठवू नको म्हणावं, इतक्या हळू त्यानं ते म्हटलं. भावना हसली, तिला वाटलं बाबा गंमत करताहेत. तिच्या अठरा वर्षांत तिनं हे वाक्य ऐकलं नव्हतं. मग तिनं दोघांचे चेहरे पाहिले, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत क्षणभर उभी राहिली, आणि एकटीच आत काउंटरकडे गेली.